अस्मानी किती, सुलतानी किती?

महापूर ओसरतो, घराघरांतून चिखल उपसला जाऊ लागतो, तलाठी पंचनाम्याच्या कामाला लागतात, आणि त्याच सुमारास राज्यकर्त्यांकडून एक ठराविक निवेदन प्रसिद्ध होते. हवामानबदलामुळे अभूतपूर्व पाऊस झाला, एवढ्या पावसापुढे कोणतीही यंत्रणा अपुरीच पडली असती, असा त्या निवेदनाचा मथितार्थ असतो. मुंबई असो, चेन्नई असो, कृष्णाकाठ असो वा वायनाड असो. गेल्या दोन दशकांत या निवेदनाची भाषा फारशी बदललेली नाही. त्यातील हवामानशास्त्राचा आधार खोटा असतो असे मुळीच नाही. बहुतेक वेळा तो अर्धा खरा असतो, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

मराठी मुलखाच्या जुन्या महसुली व्यवहारात 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द रूढ होता. इजारा किंवा कौल देताना, अस्मानी अथवा सुलतानी आफत आल्यास सूट मिळेल, अशी अट कागदात घातली जाई. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही अस्मानी. परचक्र, लूट, अंमलदाराचा जुलूम ही सुलतानी. नागवल्या गेलेल्या रयतेच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच होता. तरीही कागद लिहिणाऱ्याने शब्द मात्र दोन ठेवले होते, कारण दोन्ही आफतींचा धनी वेगळा आहे ही जाणीव त्याला होती. आजच्या सरकारी भाषेत ही जाणीव पुसट होत चालली आहे. सुलतानीच्या पुष्कळशा नोंदी विज्ञानाचा हवाला देऊन अस्मानीच्या खात्यात ओढल्या जात आहेत.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. आपत्तीचे कारण ठरले की तिच्या खर्चाचा धनी ठरतो, हा साधा आर्थिक नियम आहे. नाला बुजवल्यामुळे वस्ती बुडाली असे सिद्ध झाले तर त्याचे देयक नगरपालिकेकडे आणि बांधकामाला परवानगी देणाऱ्यांकडे जाते. धरणातून पाणी सोडण्यात चूक झाली असेल तर ते पाटबंधारे खात्याकडे जाते. परंतु 'जागतिक हवामानबदल' हे कारण एकदा नोंदले गेले की देयक साऱ्या जगाच्या दीड-दोनशे वर्षांच्या औद्योगिक इतिहासाच्या नावे निघते. म्हणजेच व्यवहारात ते कोणाच्याच हाती पडत नाही, आणि ज्याचे घर वाहून गेले त्याच्याच अंगावर पडून राहते.

सूर्यावरील डाग आणि दख्खनचा दुष्काळ

निसर्गविज्ञानाचा असा उपयोग करून घेण्याची रीत आजची नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर व मद्रास इलाखा दुष्काळाने होरपळला. मृत्यूंची संख्या पन्नास लाखांवर गेली असावी असा सर्वसाधारण अंदाज आहे. व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारचे धोरण धान्यव्यापारात हात न घालण्याचे होते. देशात उपासमार चालू असताना निर्यातही चालू राहिली. दुष्काळी कामांवरील मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाकाठी जेमतेम एक पौंड धान्याच्या किमतीशी नेऊन बांधली होती.

याच काळात एक वैज्ञानिक उपपत्ती इंग्लंडात गाजत होती. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात. हे डाग कमी झाले की दक्षिण हिंदुस्थानात पाऊस कमी पडतो आणि दुष्काळ येतो, असे तिचे प्रतिपादन होते. हिंदुस्थान सरकारच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख विल्यम विल्सन हंटर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पर्जन्याचे आकडे लावून ती मांडली आणि नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या मान्यवर ज्योतिर्विदाने तिला आपले नाव जोडले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सीमान्त उपयोगितेमुळे परिचित असलेले जेव्हन्स यांनी तर तिच्यावर आणखी एक मजला चढवला. सूर्यडागांमुळे हिंदुस्थानातील पीक बुडते, पीक बुडाले की इंग्लंडच्या मालाची मागणी घटते आणि म्हणून व्यापारात मंदी येते, अशी साखळी त्यांनी जुळवली.

हंटर किंवा जेव्हन्स यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते प्रामाणिक अभ्यासक होते आणि आकड्यांत जे दिसले असे त्यांना वाटले तेच त्यांनी लिहिले. पण या उपपत्तीची सोय कोणाला होती, हे उघड आहे. दुष्काळ जर सूर्याच्या घडणीतूनच येत असेल तर निर्यातीचा, सारावसुलीचा आणि एक पौंडाच्या मजुरीचा प्रश्नच उरत नाही. पुढे वेधशाळांचे महासंचालक असताना गिल्बर्ट वॉकर यांनी हा संबंध काटेकोरपणे तपासला, तेव्हा पावसाचे भाकीत करता येईल इतके बळ त्यात आढळले नाही. तोवर तो दुष्काळ इतिहासजमा झाला होता.

त्याच वेळी पुण्यात वेगळ्या प्रकारचा पुरावा गोळा होत होता. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सार्वजनिक सभेने तालुक्यातालुक्यांतून माहिती मागवली, दुष्काळी कामांवरील मजुरी व मजुरांची अवस्था यांची नोंद केली आणि ती सरकारपुढे ठेवली. पाऊस पडला नाही हे सभेलाही मान्यच होते. पाऊस न पडल्यानंतर काय केले गेले, हा तिचा प्रश्न होता. १८८० च्या दुष्काळ आयोगालाही अखेर कबूल करावे लागले की दुष्काळाचा पहिला घाव शेतमजुराच्या रोजगारावर पडतो. धान्य बाजारात असले तरी ते विकत घेण्यास त्याच्या हाती पैसा नसतो. दुष्काळसंहिता या निदानातून जन्माला आली. शंभर वर्षांनी, १९८१ मध्ये, अमर्त्य सेन यांनी हाच विचार सिद्धान्ताच्या पातळीवर नेला.

महाराष्ट्राने या निदानाचा पुरता उपयोग १९७२ च्या दुष्काळात केला. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसायकराचा कायदा आला. शिक्षकाच्या व कारकुनाच्या वेतनपत्रकावर दरमहा दिसणारी ती लहानशी वजावट म्हणजे दुष्काळाचे कारण आभाळात न शोधता जमिनीवर शोधल्याची खूण आहे. कारण जमिनीवर सापडले, म्हणून खर्चाचा वाटाही जमिनीवरच्या माणसांत वाटता आला.

विज्ञान नेमके काय सांगते?

हा इतिहास आठवून कोणी असा निष्कर्ष काढील की आजचे हवामानशास्त्रही सूर्यडागांच्या उपपत्तीसारखेच आहे, तर तो मोठी चूक करील. सूर्यडागांच्या उपपत्तीमागे थोड्या वर्षांची आकडेमोड होती. तापमानवाढीमागे भौतिकशास्त्राचे सिद्ध नियम आणि जगभरच्या नोंदी आहेत. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस जेव्हा कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळण्याची शक्यता वाढते.

याचा भारतीय पुरावा पुण्यातच तयार झाला आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की १९५१ ते २००० या पन्नास वर्षांत मध्य भारतात मोसमी पावसाची सरासरी जवळपास तशीच राहिली. पण अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे प्रसंग घटले. सरासरी स्थिर दिसत असताना तिच्या पोटातील वाटणी बदलत होती. २०१७ मध्ये त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे दाखवले. हे निष्कर्ष भक्कम आहेत आणि त्यांकडे काणाडोळा करणे कोणत्याही राज्यकर्त्याला परवडणारे नाही.

तथापि, दीर्घकालीन कल सिद्ध होणे ही एक गोष्ट आणि अमुक दिवशीचा अमुक पाऊस त्या कलामुळे पडला असे सिद्ध होणे ही दुसरी गोष्ट. आयुर्विम्याचा गणिती हजार विमेदारांपैकी वर्षभरात किती मृत्यू पावतील ते सांगू शकतो; ते कोण असतील हे सांगू शकत नाही. हवामानशास्त्राची बरीच वर्षे हीच स्थिती होती. अलीकडे मात्र एकेका घटनेची तपासणी करण्याची पद्धत विकसित झाली आहे. तापमानवाढ झाली नसती तर अशी घटना किती वेळा घडली असती आणि आज ती किती वेळा घडू शकते, या दोन संभाव्यतांची तुलना त्या पद्धतीत केली जाते. या तपासणीची उत्तरे एकसारखी येत नाहीत, हेच तिच्या सचोटीचे लक्षण आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत व पाकिस्तान भाजून काढणारी उष्णतेची लाट मानवनिर्मित तापमानवाढीमुळे सुमारे तीसपट अधिक संभाव्य झाली होती, असे उत्तर आले. चेन्नईच्या बाबतीत उत्तर अगदी निराळे आले.

चेन्नई, मुंबई आणि कृष्णाकाठ

डिसेंबर २०१५ च्या आरंभी चेन्नई पाण्याखाली गेली. त्याच दिवसांत पॅरिस येथे जागतिक हवामान परिषद भरली होती. साहजिकच तो पूर तापमानवाढीचा ताजा पुरावा म्हणून जगभर उद्धृत झाला. पुढे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने त्या पावसाची वर सांगितलेल्या पद्धतीने तपासणी केली, तेव्हा तापमानवाढीचा ठसा त्यांना त्यात आढळला नाही. हवेतील धूलिकण व प्रदूषण यांनी तापमानवाढीचा परिणाम त्या प्रदेशात काही अंशी झाकला असावा, अशी शक्यताही त्यांनी नोंदवली. दुसरीकडे, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी चेंबरमबाक्कम जलाशयातून एकदम सोडलेल्या सुमारे २९,००० घनफूट प्रतिसेकंद पाण्यावर बोट ठेवून ही आपत्ती मानवनिर्मित असल्याचा शेरा मारला. तो अहवाल २०१८ मध्ये विधानसभेपुढे आला. पॅरिसमध्ये चेन्नईचा उल्लेख झाला त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला होता. महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या वाट्याला त्याच्या शतांशानेही प्रसिद्धी आली नाही.

मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या प्रलयाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरच पडला. जगातील कोणत्याही शहराची गटारव्यवस्था ९४४ मिलिमीटर पाणी निमूटपणे वाहून नेऊ शकली नसती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि ती दुप्पट क्षमतेची करावी अशी शिफारस 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच केली होती. मिठी नदीच्या पात्रावर आणि तिच्या खाडीवर भराव पडत गेले. विमानतळ, वसाहती व नवे व्यापारी संकुल तिच्या काठांवर आणि दलदलीवर उभे राहिले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीला या साऱ्याची दखल घ्यावी लागली. त्या दिवशी पाऊस किती पडावा हे मुंबईकरांच्या हाती नव्हते. पाणी कोठे साचावे आणि किती वेळ साचून राहावे, हे मात्र बऱ्याच अंशी आधीच्या तीस वर्षांतील निर्णयांनी ठरवले होते.

कृष्णाकाठी तर कारणांचीच स्पर्धा लागलेली दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्हे दिवसेंदिवस पाण्यात होते. तेव्हा एक पक्ष हवामानबदलाचे नाव घेत होता आणि दुसरा कर्नाटकातील अलमट्टी धरणाचे. ही दोन्ही कारणे महाराष्ट्राच्या बाहेरची होती, म्हणून दोन्ही येथील राजकारणाला सोयीची होती. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात अलमट्टीच्या फुगवट्यावर ठपका ठेवला नाही. अतिवृष्टीबरोबरच नदीच्या पात्रातील अडथळ्यांकडे व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे तिने लक्ष वेधले. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव हा स्वतंत्र व गंभीर प्रश्न आहे आणि त्याला महाराष्ट्राने केलेला विरोधही समजण्यासारखा आहे. पण उद्याच्या उंचीविषयीची भीती हा कालच्या पुराचा पुरावा होऊ शकत नाही.

पूरक्षेत्राच्या प्रश्नाला हवामानबदलाच्या चर्चेहून मोठा इतिहास आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. नदीच्या पूरमैदानात कोठे काय बांधता येईल याचा नमुना कायदा केंद्राने १९७५ मध्येच राज्यांकडे धाडला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड यांसारखी मोजकी राज्ये सोडली तर इतरांनी त्याचे कायद्यात रूपांतर केले नाही. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या निळ्या व लाल पूररेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा नकाशावर असतात. जमिनीवर मात्र त्या ओलांडून इमारती उभ्या राहतात, आणि रेषा सरकवून मिळाव्यात यासाठी दबावही येत राहतो. तापमानवाढीमुळे पूर मोठे होणार असतील तर या रेषा नदीपासून आणखी दूर न्याव्या लागतील. हवामानबदलाचे नाव सर्वांत मोठ्याने घेणाऱ्यांनी ही मागणी सर्वांत आधी करावयास हवी होती. ती क्वचितच ऐकू येते, यावरून त्या नामोच्चाराचा हेतू कळून येतो.

३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड जिल्ह्यात दरडी कोसळून अडीचशेहून अधिक माणसे दगावली. एका दिवसात तेथे १४० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता आणि तापमानवाढीमुळे अशा पावसाची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढली आहे, असे तपासणीत आढळले. या दहा टक्क्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. दहा टक्के अधिक पाऊस म्हणजे दहा टक्के अधिक मृत्यू असे गणित नाही. काठोकाठ भरलेल्या भांड्यात पडलेले थोडे पाणीही सांडते, तसा डोंगरउतार आधीच कमकुवत झाला असेल तर थोडा वाढीव पाऊसही घात करतो. पण म्हणूनच उतार कमकुवत का झाला, हा प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने तेरा वर्षे आधी विचारला होता. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला आणि दुर्घटनास्थळ ज्या वैथिरी तालुक्यात येते तो तालुका सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रांत घातला. ग्रामसभांशी चर्चा करून क्षेत्रे निश्चित करावीत, असे तिचे म्हणणे होते. मंत्रालयाने तो अहवाल दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली लढा झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती नेमली गेली आणि संरक्षित करावयाचे क्षेत्र आक्रसले. त्या आक्रसलेल्या क्षेत्राच्या अधिसूचनेचेही मार्च २०१४ ते जुलै २०२४ या काळात सहा मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडच्या दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. गाडगीळ अहवाल अमलात आला असता तर ही दरड कोसळलीच नसती, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. परंतु जो पुरावा वेळेवर वाचूच दिला गेला नाही, तो अपुरा होता असे म्हणण्याचा अधिकारही सरकारला उरत नाही.

दुसऱ्या टोकाचा गैरवापर

पुराव्याची ओढाताण एकाच बाजूने होते असे समजण्याचे कारण नाही. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा संभव मोठा आहे, असे विधान छापले गेले. त्याचा माग काढता तो एका पर्यावरणसंस्थेच्या पत्रिकेपर्यंत व तेथून १९९९ मधील एका मुलाखतीपर्यंत जाऊन पोहोचला. शास्त्रीय कसोटीला उतरलेला अभ्यास त्यामागे नव्हता. भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा हिमनद्यांविषयीचा वेगळा सूर लावणारा निबंध केंद्राने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी त्याची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशा शब्दांत केली. दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी २०१० मध्ये, मंडळाला आपली चूक जाहीरपणे मान्य करावी लागली.

हजार पानांच्या अहवालातील ते एक विधान होते. पण त्याची किंमत साऱ्या अहवालाला मोजावी लागली. हिमनद्या वितळत नाहीतच, असे म्हणणाऱ्यांना त्याने शस्त्र पुरवले. वस्तुस्थिती अशी की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एकतृतीयांश बर्फ या शतकाअखेर नाहीसे होईल, असे २०१९ च्या विस्तृत अभ्यासात म्हटले आहे. सत्य पुरेसे भयावह असताना त्यात भर घालण्याची काहीच गरज नव्हती.

शंकेचा व्यापार करणाऱ्यांचे कसब याहून सराईत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये हरितगृह वायू सार्वजनिक आरोग्यास घातक असल्याचा निष्कर्ष काढला होता व नियमनाची इमारत त्यावर उभी होती. जुलै २०२५ मध्ये तो निष्कर्षच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला गेला आणि त्याच सुमारास ऊर्जा खात्याने पाच निवडक लेखकांकडून लिहवून घेतलेला अहवाल त्याच्या समर्थनार्थ पुढे केला. पंचाऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन त्या अहवालातील उणिवा दाखवून दिल्या. आपत्तींमुळे होणाऱ्या हानीच्या आकड्यांत तापमानवाढीचा ठसा स्पष्ट दिसत नाही, ही अशा लेखनातील एक आवडती मांडणी असते.

या मांडणीत तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. आंतरशासकीय मंडळानेच २०१२ च्या विशेष अहवालात म्हटले होते की हवामानजन्य आपत्तींतील आर्थिक हानी दीर्घकाळ वाढत आली याचे मुख्य कारण म्हणजे संकटाच्या वाटेवर उभी राहिलेली वाढती माणसे व मालमत्ता. पण यावरून तापमानवाढ निरुपद्रवी आहे असे ठरत नाही. संकटाच्या वाटेवर अधिक घरे बांधू नयेत एवढेच ठरते. एका देशात हा पुरावा तापमानवाढ नाकारण्यासाठी वापरला जातो आणि दुसऱ्या देशात तो सोयीस्करपणे विसरला जातो. दोन्हीकडे त्यातील व्यावहारिक उपदेश तेवढा बाजूला पडतो.

हिशेब कसा मांडावा?

यातून बाहेर पडण्याचा मार्ग हिशेबाच्या साध्या शिस्तीत आहे. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतरच्या चौकशीने तीन रकाने वेगळे ठेवावेत. पाऊस किती पडला आणि त्यात तापमानवाढीचा वाटा किती संभवतो, हा पहिला रकाना. त्या पावसाच्या वाटेत कोणत्या वस्त्या, रस्ते व इमारती होत्या आणि त्यांना परवानगी कोणी दिली, हा दुसरा. इशारा केव्हा मिळाला, धरणाचे दरवाजे केव्हा उघडले, माणसे केव्हा हलवली, हा तिसरा. तिन्ही रकान्यांतील आकडे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिल्या रकान्यातील उत्तर शास्त्रज्ञांकडून घ्यावे आणि ते 'निश्चित सांगता येत नाही' असे आले तरी तसेच छापावे. दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांतील माहिती सरकारच्याच दप्तरांत असते. ती ठराविक मुदतीत लोकांपुढे ठेवण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे, म्हणजे गाडगीळ अहवालाच्या वाट्याला आले ते इतरांच्या वाट्याला येणार नाही.

या शिस्तीचा परिणाम पैशाच्या वाटपावरही व्हावयास हवा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता सुमारे १,६०,००० कोटी रुपयांची तरतूद सुचवली. तीपैकी ऐंशी टक्के रक्कम आपत्तीनंतरच्या मदतकार्यासाठी व वीस टक्के आधीच्या प्रतिबंधक उपायांसाठी होती. प्रतिबंधासाठी वेगळा हिस्सा काढला गेला, ही स्वागतार्ह सुरुवात होती. पण आपत्तींचे मूळ दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांत सापडू लागले तर हे प्रमाण किती बदलावे लागेल, याचा विचार व्हावयास हवा. सारे खापर आभाळावर फोडले की प्रतिबंधाचा खर्च निरर्थक वाटू लागतो आणि मदतीचे वाटप तेवढे उरते. वाटपाच्या समारंभात छायाचित्रे निघतात. नाल्याच्या रुंदीकरणात ती निघत नाहीत.

भारताच्या आंतरराष्ट्रीय न्याय्य मागणीसाठीही ही शिस्त अगत्याची आहे. वातावरणात साठलेल्या कर्बवायूचा मोठा वाटा धनिक राष्ट्रांचा आहे आणि त्याचे चटके गरीब राष्ट्रांना अधिक बसत आहेत, ही गोष्ट निर्विवाद आहे. २०२२ मध्ये शर्म-अल-शेख येथील परिषदेत हानीभरपाईसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे मान्य झाले. अशा निधीपुढे दावा मांडताना पुरावा लागेल. कार्यालयातील लहानशा कारकुनालाही ठाऊक असते की देयकांच्या गठ्ठ्यात एक खोटे देयक सापडले की लेखापरीक्षक सारा गठ्ठाच बाजूला ठेवतो. आपल्या नगरपालिकेने बुजवलेल्या नाल्याचा खर्च जगाच्या नावे लावणारा देश उष्णतेच्या लाटेचा खरा दावाही दुबळा करून ठेवतो.

येत्या काळात पाऊस अधिक लहरी आणि अधिक उग्र होत जाणार, हे शास्त्रज्ञांनी पुरेशा स्पष्टपणे सांगितले आहे. अस्मानीचा वाटा असा वाढत असताना सुलतानीच्या वाट्याला सूट देणे अधिकच महाग पडणार आहे, कारण उद्याचे पाणी कालच्याच अरुंद पात्रांतून आणि कालच्याच उघड्या उतारांवरून वाहणार आहे. तेव्हा पुढील पुरानंतर 'हवामानबदल' हा शब्द निवेदनात येईल, तेव्हा तो नाकारण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीला दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांतील उत्तरे आली आहेत का, एवढे नागरिकांनी विचारावे, आणि ती मिळेपर्यंत विचारत राहावे.